सुटलेला कंगोरा

घोणसकड्याखाली सत्तरीच्या इंदुमती गोडांबे कमरेला दोर बांधत होत्या आणि तरुण अभियंता तळपदे शेजारी उभा राहून अखंड बोलत होता. दर पावसाळ्यात या कड्याचे दगड सुटायचे, चढाईच्या वाटा मोडायच्या. आता त्याची यंत्रं जुन्या फोटोंवरून ढासळलेला प्रत्येक दगड हुबेहूब त्रिमितीत छापून जागच्या जागी बसवत होती.

"मॅडम, तुम्ही पहिल्यांदा चढलात तेव्हाचाच कडा आहे हा. तुम्ही फक्त चढून पाहा आणि तसं लिहून द्या."

असल्या माणसाशी बोलणं म्हणजे तोंडाची वाफ दवडणं, असं इंदुमतींना वाटलं. त्या चढू लागल्या.

साठ फुटांवर त्या थबकल्या. समोर वीतभर लांबीचा काळा कंगोरा होता. बेचाळीस वर्षांपूर्वी तो त्यांच्या भावाच्या, मोरेश्वरच्या, हातात सुटून आला होता आणि मोरेश्वर त्याच्यासकट खाली गेला होता. इंदुमतींनी दोन्ही हातांनी कंगोरा धरला आणि सगळा भार त्यावर टाकला. तो जरासुद्धा हलला नाही. वर न जाता त्या खाली उतरल्या.

"अगदी मूळचा वाटतो ना?" तळपदेनं कागद पुढे केला.

"मूळचा सुटला होता. माझा भाऊ त्यात गेला."

तळपदे क्षणभर गोंधळला, मग हसला. "मग हा त्याहून चांगलाच की. आता कोणी पडणार नाही."

"चांगला असेल," इंदुमती म्हणाल्या, "पण तुम्हाला सही खोट्यावर हवी आहे." त्यांनी कागद न वाचताच परत केला.