नवा फासा

मुलगा रवी वारल्यापासून सरोजाबाई नवघरच्या घरातून बाहेरच पडेनात. पेणकरपाड्याला सख्ख्या बहिणीकडेही जाईनात. दुपारची जेवणं उरकली की त्या कॉम्प्युटरसमोर बसायच्या आणि लेकाने त्यांच्यासाठी बनवलेला ल्युडो खेळायच्या. लाल सोंगट्या त्यांच्या, हिरव्या कॉम्प्युटरच्या. हिरवीने त्यांची सोंगटी आजवर एकदाही मारली नव्हती.

"रवीच खेळतोय गं माझ्याशी," त्या संघप्रियाला सांगायच्या, आणि आईचा हा भ्रम कसा मोडायचा, याचाच लेक विचार करत बसायची.

फासा टाकायला दादाने एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला आयता प्रोग्रॅम, वापरली होती, एवढं तिला ठाऊक होतं. त्याने लबाडी केली असेल ती तिथेच. शेवटी एका शनिवारी तिने ऑफिसातून त्या लायब्ररीची नवी आवृत्ती फ्लॉपीवर आणली आणि जुनी पुसून नवी घातली.

"आता फासा एकदम सरळ पडणार, आई. खेळ, म्हणजे कळेल तुला."

डाव रंगात आला. लाल सोंगटी हिरवीच्या तीन घरं पुढे होती आणि कॉम्प्युटरला नेमके तीनच पडले. हिरवी सोंगटी जागच्या जागी लुकलुकली, थांबली. मग मागची दुसरीच हिरवी सोंगटी मुकाट तीन घरं पुढे सरकली.

सरोजाबाईंनी स्क्रीनवरून मायेने हात फिरवला.

"फासा तू बदललास गं. मारायचं की नाही, ते अजून तोच ठरवतो."