लग्नाची बायको

वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणीने हर्शेलची फुप्फुसं खाल्ली, तेव्हापासून त्याचं सगळं त्याची बायको ओपलच करायची. त्यापायी तिची मोटेलमधली नोकरीही गेली.

सरकारी कचेरीतली बाई म्हणाली, "घरी सांभाळायला माणूस ठेवलात, तर त्याचा पगार सरकार देईल. शेजारीण चालेल, घटस्फोट झालेली बायकोसुद्धा चालेल. फक्त लग्नाच्या बायकोला काही मिळत नाही."

हर्शेलला खोकता खोकता हसू आलं. "मग दे सोडून मला! नुसता कागद तर आहे. या वयात तू जाणार कुठे?"

ओपल हसली नाही. तिने घटस्फोटाच्या कागदावर सही केली. कोर्टाचा निकाल लागला आणि हर्शेलला सांभाळायला सरकारी पगारावर तिलाच कामावर घेतलं.

पहिल्या सोमवारी तिने त्याला अंघोळ घातली, मक्याचा पाव ताकात कुस्करून भरवला, ऑक्सिजनची नळी बदलली आणि चार वाजता अंगात कोट चढवला.

"कुठे निघालीस?"

"बहिणीकडे. आता तिथेच राहणार आहे. उद्या सकाळी येते कामावर."

"अगं, थट्टा पुरे. रात्री जीव घाबरला तर मी कुणाला हाक मारू?"

"ते बायकोचं काम, हर्शेल," ओपल म्हणाली आणि तिने बाहेरून दार ओढून घेतलं.