लोकरीच्या दुकानापाशी

"आता लोकरीत काय बघताय? आयुष्यात कधी सुईत दोरा ओवलात का?"

यजमान काचेला नाक लावून उभेच. बाई दिव्याच्या खांबाला टेकल्या. शाळेत त्या व्यायाम शिकवायच्या; निवृत्त झाल्या तरी आवाज अजून अख्ख्या मैदानाला पुरेल असा. मघाशी कुलपांचं दुकान झालं, त्याआधी चष्म्यांचं. दवाखान्याच्या वाटेवरचं एकही दुकान यजमानांनी सोडलं नव्हतं.

"तुमच्यासोबत रेंगाळून माझ्याच पोटऱ्या आखडतात," बाई म्हणाल्या. "रविवारी टेकडी चढायचीय. आहे ना लक्षात?"

"तू विसरू देशील तर ना."

रविवारी खग्रास सूर्यग्रहण होतं. लग्नाच्या वर्षीही असंच एक आलं होतं. दोघं हातात हात घालून धावत टेकडीवर पोचले, आणि नेमके ढग आले. तेव्हापासून बाई या दिवसाची वाट बघत होत्या. ग्रहणाचे चष्मे केव्हापासून उशाशी ठेवले होते. रोज सकाळी डोळ्यांना लावून बघायच्या.

धास्ती काय ती यजमानांच्या पायांची. साखरेचा आजार दोघांनाही होता, पण बाईंच्या मते यजमानांना जास्त, कारण ते चोरून गोड खायचे. म्हणून बाईंनीच आजची ही पायांची तपासणी ठरवली. यजमानांनी एकच अट घातली: बाईंनी आत सोबत यायचं.

दवाखान्यातली परिचारिका बाईंचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. तिने यजमानांच्या दंडाला पट्टा बांधला, मग घोट्याला. छोट्या यंत्रातून रक्ताचा आवाज खोलीभर घुमू लागला. सूं, सूं, सूं.

"पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या ना बाई, की इथला दाब हातापेक्षा कमी भरतो. पुष्कळांना पत्ताच नसतो."

बाईंनी श्वास रोखून धरला, शर्यत सुटण्याआधी धरायच्या तसा.

"काकांचे पाय झकास आहेत. टेकडी काय, डोंगर चढा."

बाईंनी टाळीच वाजवली. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मग हे दर दुकानापाशी थांबतात कशाला?"

यजमान केव्हाच खाली बसले होते. बाईंच्या बुटाची नाडी सोडवत ते परिचारिकेला म्हणाले, "आता हिचा पाय बघ. मी थांबलो नाही, तर ही लंगडत चालते, पण थांबत नाही."