चुन्याची चव

गोरा साहेब गेल्यापासून अनसिंगजवळच्या बंगल्यातली भिंतीतली शेकोटी बंदच होती. ती दुरुस्त करायला नव्या मालकीणबाईंनी, प्रयागबाईंनी, मला बोलावलं. आम्ही गवंडी जुना चुना चाखून पाहतो. त्यात गूळ किती घातला होता ते जिभेला कळतं. मी एक खडा तोंडात टाकला आणि लगेच थुंकलो.

“काहून थुकले, भाऊ?” प्रयागबाईंनी विचारलं.

“गूळ नाई, बाई. कोनाचं तरी उष्टं तोंडात आल्यावानी लागलं. अन् गरम बी हाये.”

किळस दाबून मी काजळी काढायला धुराड्यात हात घातला. बाहेर काढला तर कोपरापर्यंत काळाकुट्ट. तळहात मात्र चाटून पुसून स्वच्छ, आणि बोटांवरून लाळेची तार लोंबत होती.

वर कुणीतरी मिटक्या मारल्या.

आता तिकडूनही थुंकल्याचा आवाज येईल म्हणून मी थांबलो.

कुणी थुंकलं नाही.