खिडकीजवळचा पलंग

थोरलीने गादीवर तळहात दाबला आणि झटकन मागे घेतला. गादी कोमट होती.

"हा पलंग कधी रिकामा झाला म्हणालात?"

"झाले की आठ दिवस," शुश्रूषागृहाच्या व्यवस्थापक बाई म्हणाल्या. "खिडकीजवळचा आहे ना, सगळ्यांचा डोळा याच्यावर. उद्या याल तर मिळायचा नाही."

"उन्हाने तापली असेल गादी," धाकटा म्हणाला. बाहेर सकाळपासून आभाळ भरून आलं होतं.

दोघं भावंडं तीन दिवस वणवण फिरत होती. आईचं मांडीचं हाड मोडलं होतं आणि सोमवारी तिला हॉस्पिटलमधून सोडणार होते. घरी दिवसभर तिच्यापाशी थांबणारं कुणी नव्हतं. पहिल्या ठिकाणी पायरी चढतानाच लघवीचा वास आला. दुसरीकडे वरच्या मजल्यावर जाऊच दिलं नाही. आणखी एका ठिकाणी भर दुपारी सगळे म्हातारे झोपायच्या कपड्यांतच बंद टीव्हीसमोर ओळीने बसवलेले. इथे मात्र नाव ठेवायला जागा नव्हती. फरशी लख्ख, आया हसतमुख, भिंतीवर आठवड्याच्या जेवणाचा तक्ता. धाकट्याने फॉर्म निम्मा भरूनही टाकला होता.

थोरलीची वीस वर्षं कारखान्यात तयार माल तपासण्यात गेली होती. अगदीच निर्दोष माल समोर आला की तिच्या मनात पाल चुकचुकायची.

"बाथरूम बघते," ती म्हणाली.

"तिथे नळाचं काम चाललंय. शेजारच्या खोलीतलं दाखवते ना, अगदी तस्संच आहे."

"याच खोलीतलं बघायचंय. आमची आई बाथरूममध्येच पडली."

"ताई, पुरे आता," धाकटा दबक्या आवाजात म्हणाला. "तुला जिथं तिथं खोटच दिसते. सोमवारी आईला काय रस्त्यावर ठेवायचं?"

बाथरूमच्या दाराला बाहेरून कडी होती. थोरलीने ती सरकवली.

आत दिवा नव्हता. बेसिन आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत एक चाकाची खुर्ची घुसवलेली होती, भिंतीकडे तोंड करून. खुर्चीत एक म्हातारी बसली होती. कमरेभोवती टॉवेल गुंडाळून तो खुर्चीच्या पाठीला गच्च बांधला होता. तिने मान वळवली नाही.

"गेली का माणसं?" तिने हळूच विचारलं. "आता नेता का मला बाहेर?"

थोरलीच्या मागे धाकट्याच्या हातून पेन खाली पडलं.

"अहो, आजींची अंघोळ राहिली होती," व्यवस्थापक बाई घाईघाईने पुढे आल्या. "मुलगी साबण आणायला गेली असेल. या मुलींना कितीदा सांगितलं..."

फरशी कोरडी ठणठणीत होती. बादली पालथी. म्हातारीच्या मांडीवर चादर होती, तिचं एक टोक मात्र ओलंचिंब झालं होतं. थोरली खुर्चीलगत उकिडवी बसली.

"आजी, हे टोक कशाने भिजलं?"

"तोंडात धरते मी. बसून बसून पाठ भरून येते, मग कण्हल्याशिवाय राहवत नाही. बाहेर ऐकू गेलं तर रागावतात." मग ती म्हणाली, "सकाळी एक जोडपं आलं होतं. त्यांनी फार वेळ लावला."

थोरलीला टॉवेलची गाठ सुटता सुटेना. शेवटी धाकट्यानेच ती दातांनी सोडवली. म्हातारीला दोन्ही हातांवर उचलून त्याने खिडकीजवळच्या पलंगावर आणून ठेवलं. लेकराएवढंसं वजन होतं तिचं.

"तुम्ही त्यांचे नातेवाईक नाही. हात लावू नका," व्यवस्थापक बाईंचा आवाज चढला.

"मग नातेवाईक कुठे आहेत?" धाकटा इतक्या जोरात ओरडला की कॉरिडॉरमधल्या आया दारात येऊन उभ्या राहिल्या. "येत नाहीत का ते?"

"येतात की त्यांचे चिरंजीव," व्यवस्थापक बाई म्हणाल्या. "दर महिन्याला येतात. आदल्या दिवशी फोन करून येतात."

धाकट्याने फॉर्म टराटरा फाडला. एवढ्याने त्याचं समाधान झालं नाही. तुकडे मुठीत आवळून तो नुसताच उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

थोरलीने म्हातारीच्या पाठीखाली उशी सारली आणि पर्समधून वही काढली.

"आजी, मुलाचा नंबर आठवतोय? द्या मला. आत्ता फोन करते त्यांना."

म्हातारीने तिचं मनगट धरलं. एवढ्याशा हातात एवढा जोर कुठून आला कुणास ठाऊक.

"त्याला नको गं बाई सांगू. जिवाला लावून घेईल. दहा ठिकाणं पालथी घातली त्याने माझ्यासाठी. नोकरी सांभाळून, उन्हातान्हात. मग मला ही खोली दाखवायला घेऊन आला. म्हणाला, बघ आई, खिडकी आहे, उजेड आहे, किती शांत आहे."

"मग त्यांना कळायला नको का?"

म्हातारी बाथरूमच्या उघड्या दाराकडे बघत राहिली.

"तेव्हाही त्या दाराला बाहेरून कडी होती," ती म्हणाली. "आम्ही नाही उघडली."