कोंबडीचा पाय

"आकृती तुमच्या जाऊबाईंनी काढलीय. तुम्ही तिच्यावरून डेटा डिक्शनरी करा," साहेब म्हणाले आणि भलामोठा कागद थोरलीच्या टेबलावर पसरून गेले.

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते तिथूनच. रक्तपेढीच्या या कचेरीत तिची उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि धाकटी आली ती काल-परवा. तरी नव्या संगणक-प्रणालीची आकृती काढायची धाकटीने, आणि थोरलीने तिच्या चौकटींतला एकेक रकाना उतरवून पुढे अर्थ लिहीत बसायचं: यात आकडा येईल की अक्षरं, रिकामा चालेल की नाही. घरी सासूबाईंच्या तोंडी उठता-बसता धाकटी, आता इथेही तीच. त्यात विभागप्रमुखाची जागा रिकामी झालेली. ती कुणाच्या पदरात पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"ताई, वाचलीत का आकृती?" धाकटीने दुपारी येऊन विचारलं.

"वाचतेय."

"काही खटकलं तर सांगा हं."

कौतुक ऐकायला टपलीय नुसती. थोरलीने मान वर केली नाही.

दात्याच्या चौकटीपाशी मात्र तिचं बोट थांबलं. एक माणूस अनेकदा रक्त देतो. म्हणून दात्याकडून रक्ताच्या पिशवीकडे जाणाऱ्या रेघेच्या टोकाला तीन फाटे हवेत, कोंबडीच्या पायासारखे; 'अनेक' दाखवायची तीच खूण. इथे नुसतीच सरळ रेघ. म्हणजे एका दात्याने जन्मात एकच पिशवी द्यायची. दुसऱ्यांदा आला की संगणक त्याची नोंदच घेणार नाही. बाकी सगळ्या रेघांचे फाटे जिथल्या तिथे होते.

म्हणे मोठी शिकलेली. थोरली गालातल्या गालात हसली.

तिने चूक जशीच्या तशी उतरवली: 'दाता क्रमांक, पिशवीच्या चौकटीत एकदाच येईल.' उद्या डॉक्टरांसमोर सादरीकरण होतं. तिथे भर सभेत उठायचं आणि साळसूदपणे विचारायचं, "म्हणजे माणसाने दुसऱ्यांदा रक्त द्यायचंच नाही का?" मग बघू सासूबाई कुणाचे गोडवे गातात.

संध्याकाळी स्वयंपाकघरात भाजी निवडताना धाकटी पुन्हा घुटमळली.

"दात्याच्या चौकटीचं झालं का हो?"

"झालं."

"मग?"

"मग काय? छान काढलंयस."

धाकटीचा चेहरा पडला. आणखी किती डोक्यावर घेऊन नाचायचं हिला, थोरलीला वाटलं. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

सकाळी सभेआधी साहेबांनी तिला आत बोलावलं. डिक्शनरी त्यांच्यापुढे उघडी होती.

"आकृतीत काही चूक सापडली?"

"नाही."

"जरा आठवून बघा."

आत्ता सांगितलं तर सभेतली सगळी मजाच गेली.

"एकेक रकाना मी स्वतः उतरवलाय, साहेब. अगदी बिनचूक आहे."

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. मग खणातून दुसरा कागद काढून तिच्यापुढे सरकवला. तीच आकृती, तेच धाकटीचं अक्षर. दात्याच्या रेघेला मात्र तीन फाटे होते.

"प्रमुखपद आम्ही तुमच्या जाऊबाईंना देत होतो," साहेब म्हणाले. "त्या घेईनात. म्हणाल्या, त्यावर हक्क ताईंचा आहे. विश्वास नसेल तर मी मुद्दाम एक चूक ठेवते, ताईंच्या नजरेतून ती सुटायची नाही."