आरशाखालचे ट्रॅक्टर

फक्त लाल हवेत, असं त्या माणसाने खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकलं. निळे, हिरवे, नांगरवाले, ट्रॉलीवाले काही नकोत. आणि लालमध्येही हाच, बुटका, पाठीवर धुराडं असलेला.

काकूंना त्याचं नवल वाटलं नाही. त्यांचे यजमानही याच पंथातले. जन्मभर त्यांनी सलून चालवलं आणि जन्मभर खेळण्यातले ट्रॅक्टर गोळा केले. ओतीव धातूचे, तळहातावर मावतील एवढे. लहानपणी शेजारच्या मुलाकडे एक होता आणि तो यांना हात लावू द्यायचा नाही, तिथून ते खूळ डोक्यात शिरलं. जुना बाजार पालथा घालायचे, सामान हलवणाऱ्यांच्या दारात जाऊन उभे राहायचे. लाल बुटका दिसला की विषयच संपला.

शेवटी शेवटी बोलणं तुटक झालं होतं, तेव्हा एवढंच म्हणाले होते, "भंगारात नको घालूस."

सलूनची जागा सोडावी लागली आणि सगळे ट्रॅक्टर घरात आले. मुलगा परस्पर भंगारवाल्याला घेऊन आला, तेव्हा काकूंनी त्याला दारातूनच वाटेला लावलं आणि मुलाशी दोन दिवस अबोला धरला. मग कुणाकडून तरी कळून हा माणूस आला.

साठीचा असेल. बोलणं कमी. हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. आपण ओतारी आहोत, असं त्याने सांगितलं. कारखाना बंद पडल्यापासून पाण्याच्या टाकीमागच्या शेडमध्ये दारांच्या मुठी आणि कड्या ओतायचा.

एकेक लाल ट्रॅक्टर त्याने उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, उलटा करून पाहिला. यजमानही अगदी असेच पाहायचे. काकूंना भरून आलं, म्हणून त्या चहा टाकायला उठल्या.

परत आल्या तेव्हा त्याने एक बाजूला काढून ठेवला होता. त्याची पुढची चाकं केव्हाच गेली होती. हा तुमच्याकडेच राहू दे, म्हणाला. मूळची खोकीही त्याला नको होती. आता मात्र काकू बुचकळ्यात पडल्या. यजमान तर ट्रॅक्टरपेक्षा खोक्याला जपायचे.

चहा घेताना तो थोडा मोकळा झाला. असाच एक ट्रॅक्टर त्याच्या वडिलांनी कामावरून येताना आणला होता. दोघा भावांत एक. हा मोठा. धाकट्याला अजून नीट बोलताही येत नव्हतं, पण तोंडाने ट्रॅक्टरचा आवाज हुबेहूब काढायचा. रात्री उशाशी घेऊन झोपायचा.

आता धाकटे कुठे असतात, असं काकूंनी सहज विचारलं.

"तो तेवढाच राहिला, वहिनी."

भाऊ गेला, निदान त्याचा ट्रॅक्टर तरी जवळ असावा, एवढं त्यांना न सांगताही समजलं. त्याला जरा बरं वाटावं म्हणून त्या सलूनच्या गोष्टी सांगू लागल्या. हे सगळे ट्रॅक्टर तिथे आरशाखाली ओळीने उभे असायचे. एखादं पोर केस कापताना रडायला लागलं, की यजमान लाल ट्रॅक्टर त्याच्या हातात द्यायचे. पोर गप्प.

त्याने कप खाली ठेवला.

"केवढाली पोरं?"

"अगदी आईच्या मांडीवरचीसुद्धा. घालायची तोंडात, पण रडायची नाहीत."

त्याने घाम पुसला आणि पाणी मागितलं.

काकूंचं मन तेव्हाच ठरलं. सलूनमधल्या धुवट टॉवेलात त्यांनी ट्रॅक्टर स्वतः गुंडाळले. देताना तेवढं एक बोलून घेतलं.

"भंगारात नाही ना जायचे? शेवटचं मागणं होतं त्यांचं."

"कुणाच्याही हाती जाणार नाहीत," तो म्हणाला. "शब्द देतो."

पुढचे काही दिवस काकूंना चैन पडेना. फळीवर धुळीत ट्रॅक्टरांच्या जागा तशाच दिसत होत्या, त्या पुसवेनात. खोकी त्याने भिडेपोटीच घेतली नसतील, असं त्यांना वाटू लागलं. एके दुपारी खोकी पिशवीत भरून त्या निघाल्या. खोक्यांचं निमित्त होतं. त्याने कशी मांडणी केली आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं.

पाण्याच्या टाकीमागे पत्र्याची शेड होती. दार उघडंच होतं. आत भिंतीला फळी नव्हती, कपाट नव्हतं. भट्टी होती. तिच्यावर धातू वितळवायची मूस तापत होती. बाजूच्या बाकावर दारांच्या नव्याकोऱ्या करड्या मुठी गार होत पडल्या होत्या आणि त्यांच्याजवळ सलूनचा टॉवेल. त्यावर एकच लाल ट्रॅक्टर उरला होता.

काकूंच्या देखत त्याने तो चिमट्यात धरून मुशीत सोडला. रंगाला फोड आले, काळा धूर निघाला. धुराडं वाकलं आणि मग ट्रॅक्टर आतल्या रसात बसत गेला.

हातातली पिशवी कधी गळून पडली, ते काकूंना कळलं नाही. खोकी जमिनीभर पसरली.

"शब्द दिला होता तुम्ही," त्या म्हणाल्या. "त्यांनी जन्मभर जपलेलं होतं हे. लेकरासारखं."

ओताऱ्याने भट्टी मंद केली. हातमोजे काढले, त्यांच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं आणि मुशीकडे पाहतच बोलला.

"याचं पुढचं चाक लहान पोराच्या दोन बोटांनीही निघतं, वहिनी. माझ्या भावाच्या घशातून ते निघालं नाही."